आउट न होणारी मुलगी

अंकुश मल्लावने भाचीला पकडण्यासाठी हात पुढे केला. तो तिच्या खांद्यापाशी पोचण्याआधीच माझ्या पडद्यावर पिवळा ठिपका उमटला.

काचेतून पाहणाऱ्या कुणालाही वाटले असते की मुलगी निसटली. सात वर्षांची कार्तिकी कंबरेत वाकली, मामाच्या बगलेखालून पलीकडे गेली आणि भिंतीला पाठ टेकून हसली. अंकुशने कपाळावर हात मारून घेतला.

"थोडक्यात चुकली बघ."

त्याची बायको सारिका कोपऱ्यात पदर खोचून उभी होती. "आवो, नीट पळा की. वरातीत चालल्यागत काय पळताय?"

"वय झालं माझं."

"पस्तिशीत?"

मुलगी पुन्हा हसली. खोलीत एक कुटुंब आनंदाने खेळत होते. माझ्या पडद्यावर मात्र पिवळे ठिपके एकामागून एक साठत होते, बाभळीखाली फुलांचा सडा पडावा तसे.

सोलापुरातल्या आमच्या खेळघराची फरशी दिसायला साधी आहे. फिकट निळी, पायाला किंचित मऊ लागणारी. तिच्याखाली दाब ओळखणाऱ्या तंतूंची दाट जाळी आहे, आणि छतात अंगाला न शिवता श्वास व हृदयाचे ठोके मोजणारा एक छोटा रडार. माणूस हालचाल करतो त्यापूर्वी त्याचे शरीर तिची तयारी करते. हात उचलायचा असेल तर आधी पोटरी आवळते, भार एका तळव्यावरून दुसऱ्यावर सरकतो. हे सारे पापणी लवण्याच्या आत घडते आणि ज्याचे त्यालाही कळत नाही. फरशीला कळते. तयारी झाली आणि हालचाल पूर्ण झाली, तर पडद्यावर सलग हिरवी रेषा उमटते. तयारी झाली पण ऐन वेळी मेंदूने ती रोखली, तर त्या रेषेवर पिवळा ठिपका पडतो. आम्ही त्याला लगाम म्हणतो.

फरशी तयार झाली ती मोठा आघात सोसलेल्या मुलांसाठी. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. आघातानंतर तो अंदाज एकाच जागी गोठतो. खेळात अंदाज चुकला तरी फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. आपण पकडले गेलो, तरी जिवंत आहोत. आपण एकटे राहिलो, तरी कुणीतरी परत आले. असे लहान लहान धक्के पुन्हा पुन्हा बसले की गोठलेला अंदाज सैल होऊ लागतो. इतके पूर्वीपासून ठाऊक होते. फरशीने दाखवलेली नवी गोष्ट एवढीच, की मोठे माणूस मुद्दाम हरते तेव्हा मुलाच्या हृदयाचा ठोका जरासुद्धा बदलत नाही. मुलाच्या डोळ्यांना फसवता येते, शरीराला फसवता येत नाही. पालक प्रेमाने शंभर डाव हरले तरी मुलापुरते ते डाव झालेलेच नसतात.

ही बातमी पसरली तशी फरशी खेळघराबाहेरही गेली. पुण्यातल्या एका विवाहमंडळाने वधूवरांना तिच्यावर बॅडमिंटन खेळायला लावले, आणि ठरत आलेली लग्ने मोडू लागली. एका कारखान्याने मुलाखतीच्या खोलीत ती बसवून घेतली. एका घरात आजोबा नातवाशी कॅरम खेळताना हात मुद्दाम आखडता घेतात हे सिद्ध झाले, तेव्हा नातवाने त्यांच्याशी अबोला धरला. मी फरशीचा चालक आहे. दिवसभर काचेमागे बसून माणसांच्या अडवलेल्या हालचाली पाहतो. या कामाचा परिणाम असा, की बाहेर पडल्यावरही ते ठिपके दिसत राहतात. बसथांब्यावर नवऱ्याच्या खांद्यापर्यंत जाऊन मागे आलेला हात, निरोप घेताना पुढे पडू पाहणारे एखादे पाऊल. माझ्या स्वतःच्या चालण्यात ते किती पडत असतील हे मला ठाऊक नाही. फरशीवर मी सहसा पाय ठेवत नाही.

कार्तिकीचे गाव एका धरणाच्या फुगवट्याकाठी, मागे साठलेल्या पाण्याच्या कडेला आहे. मल्लाव मंडळी मासेमारी करणारी. दोन वर्षांपूर्वी अंकुश आपली बहीण, मेहुणा आणि भाची यांना पलीकडच्या तीरावर एका बारशाला घेऊन निघाला होता. मध्यावर वारा सुटला आणि होडी उलटली. अंकुशच्या हाताला कार्तिकी लागली. तिचे आईवडील दुसऱ्या दिवशी सापडले.

मुलगी त्यानंतर फारशी रडली नाही. गावाने तिला जपायचे ठरवले, आणि जपण्याची जी रीत गावातल्या मुलांना येत होती तीच तिच्या वाट्याला आली: त्यांनी तिला लिंबूटिंबू केले. सगळ्या खेळांत अगदी लहान भावंडांना हा मान असतो. लिंबूटिंबू खेळात असते, पळते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि कितीही वेळा पकडले तरी ते आउट होत नाही. भावंडे चारपाच वर्षांची झाली की हा मान आपोआप जातो. कार्तिकीचा गेला नाही. लगोरी असो, लपंडाव असो, विषामृत असो, तिला हात लागला की मुले एकमेकांना खुणावत आणि तिला सोडून देत. शाळेतल्या बाईंनी तसे सांगितले होते. सरपंचांनीही सांगितले होते. गावाला यात गैर काही दिसले नाही, आणि मलाही त्या जागी दिसले नसते.

मग एका सकाळी ती फुगवट्यात हनुवटीइतक्या पाण्यापर्यंत चालत गेली. जाळे धुणाऱ्या एका माणसाने तिला ओढून बाहेर काढले आणि रागावला, तेव्हा तिने त्याला समजावून सांगितले, "काका, मी आउट होत नसते." पुढे ती उसाच्या ट्रॉलीसमोर रस्त्यात उभी राहिली. चालकाने ब्रेक लावले. तिच्या दृष्टीने तिचे म्हणणे पुन्हा एकदा खरे ठरले.

त्यानंतर ते तिघे आमच्याकडे येऊ लागले. दूर पठारावर, जिथे विहिरीवाचून पाणी नाही, तिथल्या एका निवासी शाळेने तिला घ्यायचे कबूल केले होते. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही, तर तिला तिथे ठेवायचे असे ठरले होते. हे सारिकाने ठरवले होते. पहिल्याच दिवशी तिने आमच्या डॉक्टर वैजयंती रेगे यांना सांगितले, "ती माझ्यापाशी न्हाई राहिली तरी चालंल, बाई. पण ती राहिली पायजे."

अंकुश त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता.

आम्ही त्यांना विषामृत खेळायला दिले होते, कारण तो खेळ मुलीला येत होता. ज्याच्यावर राज्य असते तो दुसऱ्याला शिवून 'विष' म्हणतो. शिवलेल्याने होता तिथेच दगड होऊन उभे राहायचे. तिसऱ्याने येऊन शिवले आणि 'अमृत' म्हटले, की तो सुटला. आघात झालेले शरीर नेमके हेच विसरलेले असते. गोठणे तात्पुरते असू शकते, आणि सोडवणारा येऊ शकतो, यावर त्याचा विश्वास उरलेला नसतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी तिला शिवायला हवे होते. दसरा जवळ आला तरी अंकुशने तिला एकदाही शिवले नव्हते.

डॉक्टरांनी त्याला आत बोलावून पडदा त्याच्याकडे वळवला. मी यंत्राजवळ उभा होतो.

"हे पिवळं काय हाय?"

"तुमचा हात जिथे जिथे थांबला, तिथल्या खुणा."

"एवढ्या?"

"अंकुशराव, मुलीला वाटतं तिला कधीच काही होणार नाही. तिची भीती हरवलेली आहे. ती तिला परत मिळायला हवी."

"लोक तुमच्याकडं भीती घालवायला येत आसतील."

"बहुतेक. तुम्ही उलट्या कामासाठी आला आहात."

तो किंचित हसला. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "मला जमत न्हाई, डाक्टरबाई. मी म्हणतो, ह्या खेपेला पकडतोच. आन् हात जवळ गेला की काय व्हतं ते मला कळत न्हाई."

डॉक्टरांनी खणातून पट्टा काढला. तो त्याच वर्षी आमच्याकडे आला होता. मनगटावर बांधायचा, रबरी, घड्याळाएवढा. मेंदूने धाडलेला 'थांब' हा इशारा मज्जातंतूंतून खाली येतो. पट्ट्याचे सूक्ष्म विद्युतस्पंद त्या इशाऱ्याला मनगटाच्या थोडे वर बोथट करतात. 'जा' हा इशारा मात्र तसाच पोचतो. हात सुरू झाला की सुरूच राहतो. तीन कुटुंबांत आम्ही तो वापरला होता आणि तिन्ही मुले सुधारली होती. त्या कुटुंबांतल्या मोठ्यांकडून एकही तक्रार आली नव्हती. इतर काही आम्ही त्यांना विचारलेही नव्हते.

अंकुशने पट्टा बांधून पाहिला. मी त्याच्याकडे हळू एक चेंडू टाकला आणि डॉक्टर म्हणाल्या, "झेलायला जा, पण ऐन वेळी झेलू नका." चेंडू त्याच्या मुठीत होता. त्याने मूठ उघडून चेंडू पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी तिथे ठेवला होता.

"मग पोरीला पकडलं कुणी म्हणायचं? मी, का ह्या पट्ट्यानं?"

"हात तुमचाच असणार ना."

"त्या दिवशी बी हात माझाच व्हता."

अंकुशने पट्टा सोडवायला सुरुवात केली होती आणि तो सोडवतानाच, नजर वर न करता, तो बोलत गेला.

"होडी पालथी झाली. मी वर आलो तवा उजव्या अंगाला ताई, डाव्या अंगाला ही. सारखीच लांब. मी काही ठरवलं न्हाई. हात गेला, डावीकडं गेला. ही हाताला आली तवा मला कळलं की ही आली. परत वळलो तर तिकडं पाणीच. लोक म्हणत्यात, लेकराला वाचवलंस. मी न्हाई वाचवलं. हातानं वाचवलं, आन् हातानंच ताईला सोडलं. मला इचारलं नव्हतं." त्याने पट्टा टेबलावर ठेवला आणि तो नीट सरळ केला. "आता पुन्यांदा न इचारता जाऊ द्यायचा व्हय?"

बाहेर सारिका कार्तिकीची वेणी घालत बसली होती. आतले तिला ऐकू गेले असावे. तिने फणी घट्ट धरली होती आणि मुलगी "मामी, दुखतंय" असे म्हणत नव्हती, फक्त मान वाकडी करून बसली होती. ती कधीच कुणाला दुखते असे सांगत नसे.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्याचा डाव शेवटचा. नाही जमलं तर मीच शाळेची शिफारस करीन. त्या माणसाला असं अर्धवट ठेवणंही बरं नाही."

त्या दुपारी मी जुन्या डावांच्या नोंदी पुन्हा चालवून पाहिल्या. लगाम आम्ही नेहमी मोठ्यांचा पाहतो; मुलांच्या रेषेत फक्त ठोका आणि श्वास. त्या दिवशी, फारसा विचार न करता, मी मुलीच्या हालचालींची रेषा उघडली. ज्या डावांत आम्ही लिंबूटिंबूची सवलत तेवढ्यापुरती बाजूला ठेवून कार्तिकीवर राज्य दिले होते, ते डाव. मामीच्या मागे ती हिरव्या रेषेने धावत होती आणि तिला पकडतही होती. मामाच्या मागे धावताना तिच्या पायांखाली ठिपके होते. त्याची पाठ हाताच्या अंतरावर आली की मुलगी थांबत होती. आणि जिथे जिथे ठिपका होता तिथे तिचा ठोका, जो ट्रॉलीची गोष्ट सांगतानाही वर गेला नव्हता, एकदम उसळलेला होता.

तिची भीती हरवली नव्हती. ती सगळीच्या सगळी एका माणसापाशी जाऊन बसली होती. स्वतःला काही होणार नाही याची तिला खात्री होती, तशीच खात्री याचीही होती की शिवले तर मामा जाईल.

मी डॉक्टरांना दाखवले. त्या म्हणाल्या, "हे त्याला कळलं पाहिजे. तूच सांग, तुला सापडलंय." मला माणसांशी समोरासमोर बोलणे जड जाते, हे त्यांना ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात ते तिघे वेळेच्या आधीच आली. सारिका मुलीला घेऊन आत गेली. अंकुश आवारातल्या कडुलिंबाखाली उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि, त्याच्याकडे न पाहता, पडद्यावर दिसले ते जसेच्या तसे सांगितले. मला शब्द जुळवावे लागले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले.

तो म्हणाला, "म्हंजी ती मला सोडती?"

"हो."

"मी तिला सोडतो, ती मला."

"हो."

"मंग आमच्या घरात खेळतंय कोण?"

तो पायातल्या चपला काढून आत गेला.

डाव सुरू झाला. राज्य अंकुशवर होते. सारिका आणि कार्तिकी खोलीच्या दोन टोकांना होत्या. पहिल्या धावेत पिवळा ठिपका पडला, दुसऱ्यातही पडला. डॉक्टर माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी हाताची घडी घातली. तिसऱ्या वेळी कार्तिकी नेहमीप्रमाणे वाकून त्याच्या बगलेखालून निघाली. अंकुश वळला. त्याचा भार डाव्या पायावर सरकला, पोटरी आवळली गेली, आणि पडद्यावर एक हिरवी रेषा न तुटता शेवटपर्यंत गेली. डावा हात तिच्या खांद्यावर होता.

"विष," तो म्हणाला.

कार्तिकीने त्याच्याकडे वळून पाहिले. ती रागावली नव्हती. मोठ्यांना एखादी साधी गोष्ट कळत नाही तेव्हा मुले पाहतात तशी पाहत होती.

"मामा, मी लिंबूटिंबू आहे."

"न्हाईस. आजपासनं न्हाईस."

"गावात सगळे म्हणतात."

"गावात बी न्हाईस. मी सांगतो सगळ्यांना."

"मग मी आउट?"

"आउट न्हाई. विष हाय. दगड हो. मामी यील सोडवाया."

ती दगड झाली. एक पाय जरा पुढे, एक हात अर्धवट वर, जशी होती तशी. अंकुश तिच्यापासून दूर झाला आणि तिच्या व सारिकाच्या मध्ये उभा राहिला. खरे खेळायचे तर आता त्याला सारिकाला तिच्यापर्यंत पोचू द्यायचे नव्हते. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. रेषा दिसत होती, आणि ती हिरवी होती.

आता ठिपके सारिकाच्या पायांखाली पडू लागले. ती निघायची तयारी करत होती आणि थांबत होती, पुन्हा तयारी करत होती आणि पुन्हा थांबत होती. मला वाटले ती नवऱ्याच्या हाताला भीत आहे. नंतर डॉक्टर म्हणाल्या की तसे नसावे. मुलीने दोन वर्षांत तिच्याकडे कधी काही मागितले नव्हते, आणि न मागता द्यायला जाणाऱ्याचे पाय असेच अडतात.

कार्तिकीचा ठोका वाढू लागला. शंभराच्या वर गेला, मग सव्वाशेच्या वर. श्वास तुटक झाला. अर्धवट वर असलेला हात तिने खाली घेतला नव्हता; ती नियम मोडत नव्हती. डाव थांबवायची घंटा माझ्या उजव्या हाताशी होती. डॉक्टरांनी पुढे वाकून आपला हात घंटेवर ठेवला, आणि तो तिथेच ठेवला.

"थांबवू या?" मी विचारले.

"अजून नाही."

"ती पाण्यात आहे, डॉक्टर. तिच्या शरीरापुरती ती आत्ता पाण्यात आहे."

"मला दिसतंय."

आतून आवाज आला तो इतका लहान होता की आधी मला तो यंत्राचा वाटला.

"मामी."

सारिकाने मान वर केली.

"मामी, ये ना. लवकर ये ना."

सारिका धावली. त्यात बेत नव्हता, हुलकावणी नव्हती. ती सरळ रेषेत, नवऱ्याच्या अंगावरच धावून गेल्यासारखी गेली. अंकुशने तिला पकडण्यासाठी झेप घेतली, खरी झेप, आणि त्याचा पाय सरकून तो कोपरावर आपटला. त्याच्यावरून तिने जवळजवळ उडीच घेतली आणि मुलीला दोन्ही हातांनी शिवले. 'अमृत' हा शब्द ती बोलली की नाही हे नोंदीत नीट ऐकू येत नाही. पडद्यावर तिघांच्या तीन रेषा होत्या आणि कुठेही पिवळे नव्हते. इतक्या वर्षांत असा पडदा मी पाहिलेला नव्हता.

सुटलेली मुले या खेळात पुन्हा पळतात. कार्तिकी पळाली नाही. ती मामीचा पदर धरून, कोपर चोळत बसलेल्या मामाजवळ खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मामा, आईला कुणी अमृत दिलं नाही?"

अंकुशने कोपर चोळणे थांबवले.

"मी न्हाई दिलं. माझा हात तुझ्यापाशी व्हता."

"आणि पप्पांना?"

"ते मला दिसलेच न्हाईत."

"मी दिलं असतं," ती म्हणाली. "पण मी लहान होते. मला पोहता येत नव्हतं."

"व्हय. तू लहान व्हतीस."

मग ती रडू लागली. आधी थोडी, मग खूप, मग सारिकाच्या मांडीत तोंड खुपसून, अंगाला आचके देत. डॉक्टरांनी घंटेवरचा हात काढला आणि मला रडार बंद करायला सांगितले. मी तो बंद केला. काचेवरचा कापडी पडदाही ओढून घेतला. तसा नियम नाही, पण ओढून घेतला.

तिला पठारावरच्या शाळेत पाठवले गेले नाही. दिवाळीनंतर डाव आठवड्यावरून पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर. आमच्या दृष्टीने ती बरी होत होती. म्हणजे असे, की तिला रात्री दिवा लागू लागला. रस्ता ओलांडताना ती हात धरू लागली. अंगणातल्या हौदापाशीही ती एकटी जात नसे. गुडघा खरचटला तर घर डोक्यावर घेत असे. गावातल्या मुलांनी तिला खेळात खरोखर आउट केले त्या दिवशी ती भांडून घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सारिकाने हे सगळे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ती थकलेली दिसत होती. "आधी बरी व्हती म्हणायची पाळी आणली बगा," ती म्हणाली, आणि लगेच मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

फाल्गुनात अंकुश एकटाच आला. शेवटच्या भेटीची सही राहिली होती. डॉक्टर परगावी होत्या, म्हणून तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याने पानात गुंडाळलेली मरळ आणली होती. मी मासे खात नाही हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

मी त्याला धंद्याबद्दल विचारले.

"चाललाय. कमी झालाय. मी निघालो की ती काठावर येऊन उभी ऱ्हाती. पाण्यात पाय न्हाई घालत. काठावरनंच हाका मारती. मामा, आहेस का? मामा, दिसतोस का? मी ओ देतो. परत हाक. सगळ्या गावाला ऐकू जातंय. लोक हसत्यात."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार. हाक ऐकू यील तेवढ्याच पाण्यात जाळं टाकतो."

"तिथे मासा मिळतो?"

"न्हाई वो. मासा तिकडं खोलात हाय." त्याने सही केली, पेन मला परत दिले आणि उठला. "राहू दे तिकडं."